एकमताने मंजूर

बटणांचा डबा प्रमुखाच्या कोपराला लागून कलंडला आणि बटणं फरशीभर पसरली. वहिनींचं शिलाई मशीन थांबलं.

"राहू द्या भावजी, मी गोळा करते."

"नाही नाही, सांडली मी, उचलतोही मीच," म्हणत तो गुडघ्यांवर बसलाही. अग्निशमन केंद्राचा प्रमुख, अंगात इस्त्रीचा गणवेश, पोट जरा सुटलेलं, आणि मशीनखाली हात घालून तो शाळेच्या सदऱ्यांची पांढरी बटणं चाचपत होता. खरं तर त्याला बरंच वाटलं. खुर्चीवर बसून, वहिनींच्या तोंडाकडे बघत जे सांगवलं नसतं, ते इथून सांगता येण्यासारखं होतं.

"गाडी आली," तो मशीनच्या पेडलला सांगावं तसा म्हणाला. "अनुदानातली. परवा कार्यक्रम आहे. फीत तुम्ही कापावी अशी नगराध्यक्षबाईंची फार इच्छा आहे."

"कसली गाडी?"

"गस्तीची. राहील पोलिसांकडे, पण कागदोपत्री त्यांची आणि आमची, दोघांची. दारावर पैलवानाचं नाव घालायचं ठरलंय. खाली 'यांच्या स्मरणार्थ'."

पैलवान म्हणजे वहिनींचा नवरा. अंगाने इतका किडकिडीत की भरतीच्या दिवशीच कुणीतरी त्याला पैलवान म्हणून हाक मारली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रमुख आणि तो एकाच दिवशी नोकरीला लागले, एका डब्यात जेवले, एकमेकांच्या रजा निभावल्या. कापडाच्या गोदामाला आग लागली तेव्हा आतही दोघे बरोबरच शिरले. केंद्रात तेव्हा धड असा श्वसनसंच एकच होता. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडावर मुखवटा. तो आळीपाळीने चढवायचा असं त्यांचं आपसात ठरलेलं. त्या दिवशी पाळी प्रमुखाची होती. पैलवानाने नाकातोंडाला ओला रुमाल बांधला. प्रमुख आपल्या पायांनी बाहेर आला, पैलवानाला उचलून आणावं लागलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी सरकारने लहान गावांच्या पोलीस आणि अग्निशमन दलांना साहित्यासाठी अनुदान द्यायचं जाहीर केलं, तेव्हा प्रमुखाने श्वसनसंचांसाठी अर्ज केला. अर्जात गरज पटवून द्यायची होती. त्यासाठी तो याच खोलीत आला होता, पैलवानाची हकिगत लिहू का, फोटो मिळेल का, असं विचारायला. वहिनींनी स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो स्वतः काढून दिला होता. "जवानांना मुखवटे मिळणार असतील तर सगळं लिहा," त्या म्हणाल्या होत्या. "काही हातचं राखू नका."

त्याने काही हातचं राखलं नाही. अनुदान मंजूर झालं. पण ते नगरपालिकेत पोचेपर्यंत बाजारपेठेत चोऱ्यांवर चोऱ्या झाल्या, व्यापारी हातघाईवर आले, आणि खर्चाचा विषय प्रमुखही सदस्य असलेल्या अनुदान समितीच्या खुल्या सभेपुढे आला तेव्हा नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "आगी काय रोज लागतात? चोऱ्या रोज होतायत." पोलीस निरीक्षक भला माणूस होता, तो खाली मान घालून बसला. सभेआधी बाईंनी प्रमुखाला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी पहिला नंबर तुमचा. आज तेवढं सांभाळून घ्या." त्याने सांभाळून घेतलं.

"आणि मुखवटे?" वहिनींनी विचारलं.

"पुढच्या वर्षी. शब्द दिलाय त्यांनी."

वहिनींनी दोरा दाताने तोडला, सदरा उलटा करून शिवण बघितली आणि बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"नाव नको घालायला."

"अहो, त्याचा मान आहे तो. गावभर फिरेल नाव."

"चोर पकडायच्या गाडीवर?" त्यांना हसू आलं. "घरातला उंदीर धरता आला नाही कधी त्यांना. मीच झाडू घेऊन धावायची, आणि हे खाटेवर उभे."

तोही हसला. मुठीत बटणं तशीच धरून तो फरशीवरच टेकला.

"वहिनी, एक गोष्ट इतकी वर्षं बोललो नाही. त्या दिवशी मुखवटा माझ्या तोंडावर होता."

"माहीत आहे."

त्याने वर पाहिलं.

"दवाखान्यात थोडा वेळ शुद्धीवर होते ना ते," वहिनी म्हणाल्या. "तेव्हाच म्हणाले, पाळी त्याची होती, त्याला उगाच बोल लावू नकोस. मी लावला का कधी?"

"नाही."

"मनातसुद्धा नाही. एरवी अशी हसले असते का मी तुमच्याशी? एकच होता, तो कुणाच्या तरी तोंडावर असणारच. तुमच्या होता, तुम्ही वाचलात. तुमची मुलं उघडी पडली नाहीत."

प्रमुखाने मान खाली घातली. इतकी वर्षं या घरी येताना उंबऱ्याशी पाय अडखळायचा. दर वेळी काहीतरी घेऊन यायचं, कधी नळ दुरुस्त करून द्यायचा, कधी मशीनला तेल घालायचं, आणि निघताना आजही सांगितलं नाही म्हणून स्वतःला शिव्या घालायच्या. आता डोळे पुसायला हात वर नेला, तर मुठीतली दोन बटणं पुन्हा खाली घरंगळली.

"सभेला मी आले होते, भावजी."

तो तसाच थांबला.

"मागच्या बाकावर होते. म्हटलं, तुम्ही बोलायला उठाल, आणि बोलावलंत तर मीही चार शब्द बोलेन. मला कुठलं बोलता येतंय, पण रस्ताभर घोकत आले होते." त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. "तुम्ही उठलाच नाहीत. सगळ्यांबरोबर हात वर केलात."

"मी एकट्याने विरोध करून काय झालं असतं?"

"काही नसतं झालं. गाडीच आली असती."

"मग?"

वहिनींनी दोऱ्याचं टोक ओलं करून सुईतून ओढलं. "मग काही नाही," त्या म्हणाल्या आणि पुढचा सदरा मशीनला लावला.

मशीन सुरू झालं. त्याने उरलेली बटणं वेचली, डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि डबा मशीनवर, त्यांच्या हाताशी ठेवला. निघताना "येतो" म्हणाला. त्यांनी मान हलवली, पण नेहमीसारख्या दारापर्यंत आल्या नाहीत.

केंद्राच्या आवारात नवी कोरी गाडी उभी होती. रंगाऱ्याने दारावर खडूने अक्षरं आखून ठेवली होती. नगराध्यक्षबाई मंच कुठे घालायचा ते दाखवत होत्या. प्रमुखाने जाऊन सांगितलं, नाव नको.

"का? वहिनी नको म्हणाल्या?"

"हो," तो म्हणाला. "त्या नको म्हणाल्या."

"मग राहू दे. त्यांचं मन कशाला दुखवा." बाईंनी रंगाऱ्याला हाक मारली आणि त्याने फडकं ओलं करून खडू पुसून टाकला. दोन मिनिटांचं काम.

कार्यक्रम झाला. फीत बाईंनीच कापली. गाडीने गस्त सुरू केल्यावर चोऱ्या कमीही झाल्या, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. प्रमुख नेहमीसारखा कामावर येत राहिला.

काही दिवसांनी सकाळच्या सरावाला जवान आवारात जमले. केंद्रात आता दोन श्वसनसंच होते. दोघांनी ते चढवले, बाकीचे कडेला उभे राहून बघत होते. त्यांतला एक, नुकतंच लग्न झालेला, अंगाने चांगला दणकट, सहज म्हणाला, "साहेब, यंदा सगळ्यांना येणार होते ना? काय झालं? सरकारने दिले नाहीत?"

'पुढच्या वर्षी' हे शब्द प्रमुखाच्या ओठांवर आले होते. जवान वाट बघत होते. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. साहेब सांगतील ते खरं, इतकंच होतं.

"सरकारने दिले होते," तो म्हणाला. "सभेत मी मागितले नाहीत."