आधी तक्रारवाल्यानं बोलावं

आमच्या बौद्ध मोहल्ल्यात कोणी वारलं, की पुण्यानुमोदनाच्या सभेत गोड बोलणारा आधी उठत नसे. ज्याचं मेलेल्याशी भांडण होतं, तो उठायचा.

ही रीत वामनरावांनी घातली. छप्पन साली धम्म घेतला, तेरवी बंद झाली, आणि लगेच त्यांचे वडील गेले. आता करायचं काय, कोणालाच माहीत नव्हतं. वंदना झाली, पंचशील झालं, लोक नुसते बसून राहिले. तेव्हा वामनराव उठून म्हणाले, "माह्या बापाबद्दल ज्याची तक्रार असन, त्यानं पह्यले बोलावं. मेलेल्या मानसाची तक्रार कोनी घरी नेऊ नोका." शेजारच्या वावरातला पत्रू उठला आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणावरून त्यानं मेलेल्याला मनसोक्त सुनावलं. त्याचं बोलून झाल्यावर वामनरावांनी लोट्यातलं पाणी आधी स्वतः घोटभर घेतलं आणि मग लोटा त्याला दिला. पत्रू प्यायला आणि ढसाढसा रडला. पुढे तेच चालू राहिलं. घरच्यानं आधी प्यायचं, मग तक्रारवाल्याला द्यायचं, तो प्यायला की तक्रार मिटली.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला ही रीत भारी विचित्र वाटली. पुढे तिची एवढी सवय झाली, की माहेरच्या सभांमध्ये सगळे नुसतं चांगलं बोलायचे तेव्हा ते मला खोटं वाटायचं.

चौऱ्याऐंशी साली इंदिरा गांधींना मारलं, तेव्हा हलक्या धानाची कापणी चालू होती. वावरातून परतलो तर वामनरावांच्या अंगणात रेडिओभोवती सगळा मोहल्ला उभा होता. माझी सासू बायनाबाई तिथंच मातीत बसली आणि पोटची लेक गेल्यासारखी रडली. तिच्या नावावर जो जमिनीचा तुकडा होता, तो इंदिराबाईंच्या राज्यात मिळाला होता. त्याआधी आमच्या घरात कोणाच्या नावावर काहीच नव्हतं.

माझे मालक श्रावण रडले नाहीत. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे, आता घेते. हातातला विळा त्यांनी बराच वेळ गवतानं पुसला. मग म्हणाले, "मारायले नोको होतं," आणि घरात गेले.

ते फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पायात छर्रा घुसला, तो निघालाच नाही. लंगडत घरी आले, तेव्हा गावानं हार घातले. मग आमचं लग्न झालं. शहात्तरच्या उन्हाळ्यात ते आठवडी बाजारात मिरच्या घ्यायला गेले आणि ट्रकमधून त्यांना नसबंदीच्या शिबिरात नेलं. आम्हाला लेकरू नव्हतं. पुढेही झालं नाही. त्या दिवसाबद्दल ते घरात कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. मोहल्ल्याला सगळं ठाऊक होतं.

नंतरच्या दिवसांत हवाच बदलली. डेपोवर लाकूड न्यायला येणारा एक सरदार ड्रायव्हर ट्रक सोडून जंगलाच्या वाटेनं पळाला, आणि लोकांनी तो ट्रक जाळला. बाजारातला एक चहावाला बोलता बोलता म्हणून गेला, की आणीबाणीत गरिबाचे हाल झाले. पोरांनी त्याची उकळती किटली त्याच्याच पायावर ओतली. ती पोरं बापूजींच्या हाताखालची. बापूजी म्हणजे तालुक्यातले पुढारी. मतं मागायला दर वेळी आमच्याकडे यायचे, ओट्यावर बसायचे, पण पाणी दिलं की म्हणायचे, "आत्ताच घेऊन आलो जी."

त्या बापूजींचा निरोप आला. आमच्या विहाराच्या अंगणात शोकसभा घ्यायची, ते स्वतः येणार, आणि एकही घर सुटता कामा नये.

मी वामनरावांकडे गेले. ते भारे बांधत होते.

"मामाजी, सभेत तुमी नेहमीचं म्हनू नोका. तक्रारीचं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना समजलं. "नाई म्हनत पोरी. ते काय आपल्या घरचं मयत हाये? हार घालू, उभं राहू, मोकळे होऊ."

घरी येऊन मालकांना म्हटलं, "तुमी काई बोलू नोका."

"आजवर बोललो का मी?" ते म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण भाताची चव त्यांना लागत नव्हती हे मला दिसत होतं.

सभा दुपारी होती. जीप आली, तिच्यातून बापूजी आणि सहा-सात पोट्टे उतरले. पोट्ट्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या, आणि दोघांच्या हातात काठ्या होत्या. शोकसभेला काठ्या कशाला, हे कोणी विचारलं नाही. बायका एका बाजूला बसल्या. माझ्याजवळ अंजनाबाई होती. तिची जीभ कुठंच थांबत नसे.

"पाह्य वो, बापूजी रुमाल डोळ्याले लावून राह्यले," ती पुटपुटली. "रुमाल कोरडा ठणठणीत हाये."

"गप राय न माय," मी म्हटलं.

खुर्चीवर इंदिराबाईंचा फोटो होता. बापूजींनी हार घातला आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "आज देशाची माय गेली. देशाचं सोडा, माझी स्वतःची माय गेली. मी पोरका झालो. आता वामनराव सभा सुरू करतील."

वामनराव उठले. म्हातारा माणूस, एवढी पोरं काठ्या घेऊन समोर उभी. फोटोला हात जोडले, धोतर सावरलं, घसा खाकरला. मोहल्ल्यातली प्रत्येक सभा त्यांनीच सुरू केली होती, आणि प्रत्येक वेळी त्याच वाक्यानं. भीतीनं डोकं रिकामं झालं की तोंड आपल्या सवयीनं चालतं. ते म्हणाले,

"ज्याची तक्रार असन, त्यानं पह्यले बोलावं. मेलेल्या मानसाची तक्रार कोनी घरी नेऊ नोका."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

बापूजींना काही समजलं नाही. त्यांनी बाजूच्या पोराकडे पाहिलं. पण आमचा अख्खा मोहल्ला, माणसं, बायका, म्हातारे, एकाच जागी पाहू लागला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. सवयच तशी, तक्रार कोणाची ते सगळ्यांना माहीत असायचं आणि सगळे त्याच्याकडे बघायचे. त्या नजरांवरून बापूजींची नजरही तिथं गेली.

मी मनात म्हणत होते, उठू नका. फक्त बसून राहा.

श्रावण उठले. दुखरा पाय आधी लांब करून, हातावर भार देऊन, नेहमी उठायचे तसेच.

"मी श्रावण," ते म्हणाले, जसं गाव त्यांना ओळखतच नाही. "लढाईत होतो, बंगालात. पायाले लागलं. तंबूत पडून होतो, तवा रेडिओवर तिचा आवाज आला, लढाई जितली म्हनून. माह्या बाजूच्या खाटेवर एक सरदार होता, हात गेलेला. तो उठून बसला. आमी दोघं रडलो जी. मले वाटलं, एवढ्या दूर चिखलात पडलो हावो, पन मांगं कोनीतरी हाये. असं मले जिंदगीत कधी वाटलं नोतं."

"सरदाराचं नाव काऊन घेते बे?" एक पोट्टा ओरडला.

"होता, म्हनून घेतो." ते फोटोकडेच पाहत होते. "मंग बाजारातून मले ट्रकात टाकलं. म्या म्हटलं, मले लेकरू नाई. डॉक्टर म्हने, सगळे असंच म्हनतेत. म्या म्हटलं, मी फौजी हावो. तो हासला."

शेजारी बसलेल्या माझ्या सासूनं पदर तोंडात धरला होता.

"आता कोनी म्हनते, तिले ठाऊक नोतं. खालच्या लोकायनं केलं. असन. मले समजत नाई. पन लढाई आमी लढलो, मेलो आमी, अन् सगळे म्हनले तिनं जितली. म्या बी म्हटलं. तं मंग हे कोनं केलं?"

"गद्दार साला!" दोन पोट्टे धावले. एकानं त्यांची कॉलर धरली, दुसऱ्यानं काठी उचलली. मी उभी राहिले, पण पाय पुढे पडेना. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज नाही. आजही स्वप्नात मला ते तसंच होतं. काठी वर आहे, आणि माझ्या घशातून काही निघत नाही.

तेवढ्यात वामनराव म्हणाले, "पानी आना."

त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. तक्रार बोलून झाली की पाणी, एवढंच त्यांना येत होतं. अंजनाबाई उठली, विहाराच्या माठातून लोटा भरला आणि त्या काठीखालून वाकून जाऊन वामनरावांच्या हातात दिला. वामनरावांनी तो बापूजींपुढे धरला.

"आमची रीत हाये जी. मेलेल्याच्या घरच्यानं दोन घोट प्यावं, मंग तक्रारवाल्याले द्यावं. तुमी म्हनले, तुमची माय गेली. तं घरचे तुमीच."

बापूजी लोट्याकडे पाहत राहिले. ते काय मोजत होते ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. निवडणूक तोंडावर होती. समोर सगळा मोहल्ला बसला होता, आणि आमच्या माठातलं पाणी होतं. त्यांनी हातानं पोट्ट्यांना मागं केलं. काठी खाली आली. मग त्यांनी लोटा घेतला आणि डोळे मिटून ओठाला लावला. गळ्याची गाठ हलली. ते प्यायले होते. बायकांमध्ये एक लांब श्वास सुटला. बापूजींनी लोटा श्रावणकडे दिला.

मला वाटलं, सुटलो. आता एक घोट, आणि सगळं संपलं.

श्रावणनी लोटा दोन्ही हातांत धरला. पाण्यात पाहत राहिले. पोट्टे अजून हाताच्या अंतरावर होते.

"पेऊन टाका न हो," मी म्हटलं. आता कुठं माझा आवाज निघाला.

"बापूजी," ते म्हणाले, "तुमी पेले, तुमचा मान मोठा. तुमच्याशी माही तक्रार नाई. पन तिच्यासाठी हे पानी माह्यानं पेवल्या जात नाई. खोटं कसं पेऊ?"

त्यांनी लोटा फोटोपुढे खाली ठेवला, थेंबही न सांडता. मग दोन्ही पाय जुळवले, दुखरा सुद्धा, आणि फोटोला फौजी सलाम केला. हात कपाळाशी ताठ होता, तळवा सरळ. त्या हाताला मारायचं की नाही हे पोट्ट्यांना कळेना. त्यांनी बापूजींकडे पाहिलं, आणि बापूजींनाही कळत नव्हतं.

माझी सासू उठली. तिनं लेकाचा दंड धरला. "चाल रे बाप्पा. धान पडून हाये वावरात."

आम्ही गर्दीतून निघालो. बापूजींच्या जवळून जाताना त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, अगदी आपुलकीनं विचारावं तसं, "घर कोणतं गा तुझं?"

"विहाराच्या मांगून तिसरं," श्रावण म्हणाले. "दारापुढं सिंदीचं झाड हाये."

वाटेत मी त्यांना म्हटलं, "सांगितलं काऊन?"

"विचारलं त्यानं."

त्या दिवशी वावरात कोणाचंच लक्ष नव्हतं. दिवस मावळायच्या आत परतलो. मी चूल पेटवली आणि दाराला अडणा लावायला गेले, तर ते म्हणाले, "राहू दे. घर सांगून आलो मी. दार लावून बसू का?"

दार उघडंच राहिलं. सासू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मधेच म्हणाली, "मले जमीन देल्ली तिनं." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "अन् माहा नातू नेला." आजवर इतकी माणसं मला इंदिराबाईंबद्दल सांगत आली, कोणी देवी म्हणतं, कोणी राक्षसीण म्हणतं. माझ्या सासूच्या त्या दोन वाक्यांपुढं मला कोणाचंच बोलणं गेलेलं वाटत नाही.

मी भात वाढला. विळा माझ्या मांडीखाली ठेवला होता, तो त्यांनी पाहिला. बाहेर अजून थोडा उजेड होता. तेवढ्यात जीपचा आवाज आला. चामोर्शीकडून येणारा रस्ता विहाराशी वळतो. त्या वळणावर आवाज हळू झाला आणि तिथंच थांबला. इंजिन चालू होतं. कोणीतरी खाली उतरलं, कोणीतरी काही बोललं, शब्द समजले नाहीत. सिंदीच्या झाडावर बॅटरीच्या उजेडाचा एक पट्टा पडला आणि हलला. मी विळ्याची मूठ दाबली. श्रावण खाली मान घालून ताटाकडे पाहत होते.

मग जीपचं दार आपटलं आणि ती नदीच्या अंगाला निघून गेली. आवाज पुरता विरेपर्यंत मी दाराकडेच बघत होते.

वळून पाहिलं तर त्यांच्या हातात घास तसाच होता. पार थंड झालेला, बोटांना चिकटलेला. तोंडापर्यंत गेलाच नव्हता. त्या हाताचं मनगट त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरलं होतं.

"दार लाव आता," ते म्हणाले.