बाजूला काढलेली रोपं

तैवानमधल्या थायनानजवळच्या ऑर्किडच्या त्या बागेत नखांत माती नसलेला माणूस एकच, क्वानलिन. त्याचं काम डेटाबेसचं. कोणतं रोप कोणत्या काचघरात आहे, कुणाला विकलंय, कशाला कीड लागलीय, सगळी नोंद त्यात. बागेनं ऑर्डरी सांभाळायला एआय एजंट आणला, तेव्हा डेटाबेसमध्ये हात घालण्यासाठी त्याला लागणारी टूल्स, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रामही क्वानलिननंच बनवले. कोड झकास जमला. पण प्रत्येक टूल काय करतं, हे एजंटला साध्या शब्दांत लिहून द्यावं लागतं, आणि लिहायचं म्हटलं की क्वानलिनच्या अंगावर काटा येई. त्यात चांद्र नववर्षाची सुट्टी तोंडावर आलेली. जेवणाच्या आत त्यानं सगळी वर्णनं हातावेगळी केली आणि घरची गाडी पकडली.

मार्चमधल्या एका सकाळी निर्यात पाहणाऱ्या फांगयूननं एजंटला सांगितलं, ओसाकाच्या गिऱ्हाइकासाठी मागच्या काचघरातली पांढऱ्या फुलांची रोपं बाजूला काढ. 'काढली' असं उत्तर आलं, तशी ती निवांत चहा प्यायला गेली.

चहा संपायच्या आत ओसाकाहून फोन. रोपांना नेमका कोणता रोग झालाय आणि जाळण्याआधी एखादा फोटो मिळेल का, असं ते गिऱ्हाईक फार अदबीनं विचारत होतं.

क्वानलिननं पडद्यावर पाहिलं आणि घोटाळा त्याच्या लक्षात आला. एक टूल गिऱ्हाइकासाठी रोपं राखून ठेवायचं, दुसरं किडकी रोपं नष्ट करायला पाठवायचं. दोन्हींच्या वर्णनात त्यानं तेच लिहिलं होतं: रोपं बाजूला काढतं. एजंटनं त्यातलं दुसरं उचललं होतं. हुकूम काचघरातल्या बायकांच्या फोनवर केव्हाच पोहोचला होता, आणि रोपं जाळणार असल्याची सूचना आपोआप गिऱ्हाइकालाही गेली होती.

तो ऑफिसातल्या सपातांवरच धावत सुटला. एक सपात चिखलात रुतून राहिली. काचघरात पोहोचला तेव्हा हातगाड्या भरल्या होत्या आणि कापलेल्या फुलांचा ढीग दाराशी पडला होता. त्याला बोलायला दम नव्हता. दोन्ही हात पसरून तो गाड्यांसमोर उभा राहिला.

मालकीण छ्यूबाईंनी ढिगातला एक तुरा उचलला. त्या ओरडल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. उरलेली रोपं परत मांडा, कमी पडतील ती शेजारच्या बागेतून मी मागते, एवढं त्या बायकांना म्हणाल्या आणि त्याच्या अनवाणी पायाकडे बघत निघून गेल्या.

दुपारी क्वानलिन म्हणाला, "एजंटच बिनडोक आहे, ताई. एवढंसं कळू नये?"

"कुठून कळणार?" फांगयून म्हणाली. "तू लिहिलंस तेवढंच त्याला दिसतं. थांब, आता मीच एजंट. दे हुकूम."

तिनं त्याची वर्णनं छापून घेतली, टूल्सची नावं कागदानं झाकली आणि ठाण मांडून बसली. तो हुकूम द्यायचा, ती फक्त वर्णन वाचून टूल निवडायची. पहिल्याच फेरीत तिनं एक ऑर्डर रद्द केली, एका गिऱ्हाइकाला दोनदा माल पाठवला आणि तारीख दिवस आधी की महिना आधी लिहायची, हे न कळल्यानं भलताच महिना उघडला. क्वानलिन चिडला, मग हसायला लागला, मग मुकाट्यानं लिहायला बसला.

नवं वर्णन असं झालं: 'विकलेली निरोगी रोपं गिऱ्हाइकाच्या नावावर राखून ठेवतं. रोपं जागची हलत नाहीत. किडक्या रोपांसाठी हे वापरू नये. हुकुमात कारण स्पष्ट नसेल, तर आधी विचारावं.' नष्ट करणाऱ्या टूलला त्यानं माणसाची परवानगी सक्तीची केली. नुसत्या शब्दांवर भिस्त ठेवायची त्याची छाती होईना.

मग छ्यूबाईंना बोलावलं. त्यांनी मुद्दामच सकाळचा हुकूम अर्धवट टाइप केला. एजंटनं विचारलं, 'ही रोपं गिऱ्हाइकासाठी राखायची आहेत, की त्यांना रोग झाला आहे?'

"बरं विचारतंय," छ्यूबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं इतक्या वर्षांत एकदा तरी असं विचारलं असतं, तर मी म्हातारी उशिरा झाले असते."

ओसाकाचा माल आठवडाभर उशिरा का होईना, पण पुरा गेला. ट्रक फाटकाबाहेर पडताना क्वानलिन फांगयूनला वर्णनातली आणखी एक ओळ दाखवत होता. त्यातला 'माल' म्हणजे रोप की नुसती फुलं, यावर त्यांचं जुंपलं, आणि दोघं जेवायला मासळीच्या पेजेच्या दुकानात पोहोचेपर्यंत ते मिटलं नव्हतं.