बोहोबेला समुद्र दाखवायचा

"माझ्या दोन जागा धर," मामोकेते म्हणाली. "एक माझी आणि एक बोहोबेची."

मापुलेंगच्या घरी भिशीच्या बायका जमल्या होत्या. कुणाच्या हातात आल्याच्या सरबताचा पेला होता, कुणाच्या तोंडात स्कोन केकचा घास. तो घास तोंडातच राहिला. बोहोबे कोण हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पावाच्या करपलेल्या कडेसारखा त्याचा रंग, म्हणून मामोकेतेच्या नवऱ्याने, मोलेफीने, त्याचं नाव त्यांच्या भाषेत पावच ठेवलं होतं, बोहोबे. एक कान कायमचा पडलेला, आणि शेपटी अशी की आनंदाने हलली तर टेबलावरचे कप खाली यायचे.

"कुत्र्याला?" मालेबोने विचारलं. सभेत पहिलं तोंड नेहमी तिचंच उघडायचं. "बसमधून? डर्बनला? बाई गं, माझ्या नवऱ्यानं अजून समुद्र पाहिला नाही, आणि तुझं कुत्रं निघालं सहलीला?"

"मग ने की नवऱ्याला. मी कुठं अडवलंय?"

"त्याच्यापेक्षा कुत्रं परवडलं," मालेबो म्हणाली, आणि खोलीभर हशा पिकला.

मामोकेते हसली नाही. दाराजवळ चटईवर ती काळ्या कपड्यांत बसली होती. मोलेफीला जाऊन पाच महिने झाले होते. शोकाचे कपडे नोव्हेंबरात उतरायचे होते आणि सहल डिसेंबरात होती, म्हणजे तिच्या जाण्याला कुणाची हरकत नव्हती. घोडं अडलं होतं ते कुत्र्यापाशी.

ही भिशी मोठी गमतीची होती. गावात कुणाचं मयत झालं की या बायका पातेली, खुर्च्या, तंबू आणि रडायला माणसं, सगळं घेऊन धावायच्या. आणि डिसेंबर लागला की याच बायका बस करून समुद्रावर जायच्या. वर्षभर दुसऱ्यांची दुःखं उपसायची आणि शेवटी स्वतःला खाऱ्या पाण्याने धुऊन घ्यायचं, असा त्यांचा साधा व्यवहार होता. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी बाटल्या भरून समुद्राचं पाणी आणायचं. कुणी ते अंगाला लावतं, कुणी उंबऱ्यावर शिंपडतं, कुणी घोटभर पितं आणि दिवसभर तोंड वाकडं करून फिरतं.

मामोकेतेच्या घरातून दरवर्षी मोलेफीच जायचा. घरात गुरं, शेळ्या, कोंबड्या आणि हा पाव. कुणीतरी मागे राहायलाच हवं. "तू जा," ती म्हणायची, "एवढ्या पाण्यात बघायचंय काय?" खरं म्हणजे तिला पाण्याची भीती वाटायची, पण ते ती मरेपर्यंत कबूल करणार नव्हती. आणि मोलेफी दरवर्षी चढता चढता बसच्या पायरीवरून ओरडायचा, "पुढच्या वर्षी तिघंही जाऊ!" गावातल्या लोकांना ते वाक्य इतकं पाठ झालं होतं की पोरंसुद्धा त्याच्याबरोबर ओरडायची.

चार दिवसांनी तो परत यायचा तेव्हा बोहोबे थांब्यावर आधीच हजर असायचा. मोलेफीच्या कपड्यांना, बुटांना, मिशांनाही समुद्राचा वास असायचा. बोहोबे त्याला डोक्यापासून पायापर्यंत हुंगायचा आणि मग त्या शेपटीला आवर नसायचा. घरी आल्यावर मोठ्या बाटलीतलं पहिलं पाणी मामोकेतेच्या गुडघ्यांना, दुसरं बोहोबेच्या खरजेला.

गेल्या मे महिन्यात, डोंगरातली थंडी तोंडावर आली तेव्हा, मोलेफी त्याच थांब्यावरून गाडीत बसून शहरातल्या इस्पितळात गेला. जाताना त्याने बोहोबेचा कान ओढला. परत आली ती पेटी, आणि तीही दुसऱ्याच गाडीतून, दुसऱ्या रस्त्याने. अंत्यविधीसाठी गाय कापली होती, अंगणात सारा गाव लोटला होता, म्हणून कुत्र्याला दोन दिवस पलीकडच्या गल्लीत बांधून ठेवलं होतं. माणसांना कळवलं. दिराने रीतीप्रमाणे गोठ्यात जाऊन गाईगुरांनाही सांगितलं, की घरचा मालक गेला. बोहोबेला सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी थांब्यावर जायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचे बूट हुंगायचा. आधी लोकांना गंमत वाटली. मग तो दुपारपासूनच बसू लागला, मग सकाळपासून. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पापा वाडग्यात वाळून जायचा. बरगड्या दिसू लागल्या. गाड्या त्या वळणावरून सुसाट यायच्या आणि मामोकेतेचा जीव दिवसभर टांगणीला लागायचा. एकदा तिने मोलेफीच्या शेवटच्या बाटलीचा तळ त्याच्या खरजेला लावायला काढला. झाकण उघडताच बोहोबे ताठ झाला. बाटली हुंगली, तिच्याकडे पाहिलं, आणि जो पळत सुटला तो थेट थांब्यावर. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत घरी आला नाही.

तेव्हा तिच्या लख्ख ध्यानात आलं. या वेड्याला वाटतंय की मोलेफी समुद्रावर गेलाय.

हे सगळं तिने भिशीत सांगितलं. फार जुळवून नाही, जसं आठवलं तसं. "त्याला एकदा तिथं न्यायचंय," ती म्हणाली. "बघू दे त्याला, की तो तिथं नाही. नाहीतर हा त्या वळणावर गाडीखाली जाईल, नाहीतर उपाशी मरेल. मग मी घरात कुणाशी बोलू? भिंतींशी?"

मालेबोने स्कोन गिळला.

"पण माझी भाची तिथंच असते ना कामाला," ती म्हणाली, आता जरा हलक्या आवाजात. "मोठ्या किनाऱ्यावर कुत्र्याला बंदी आहे. रखवालदार शिट्ट्या मारतात. मी खोटं नाही सांगत."

"मग तुझ्या भाचीलाच विचार, कुठं चालतं ते," मापुलेंग म्हणाली. ती भिशीची अध्यक्ष होती आणि अध्यक्षासारखीच बसायची, दोन खुर्च्यांत मिळून. "आणि बसवाल्याला कोण विचारणार?"

विचारायला तीच गेली. बसचा मालक आणि चालक सेलो, ज्याला सारे मानाने न्टाटे म्हणायचे, टायरला लाथ मारून हवा बघत होता. मामोकेते मागे उभी राहिली, मनात उत्तरं जुळवत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी मागे सारली.

"रोज माझ्या बसमधून उतरणाऱ्याची तपासणी करतो तो," न्टाटे सेलो म्हणाला. "नाक्यावरचे पोलीसही एवढं मन लावून काम करत नाहीत. दार उघडलं की मला त्याचं तोंड दिसतं, आणि मलाच चोरट्यासारखं वाटतं, की आजही आणला नाही. ने बाई त्याला. पण उपाशीपोटी चढव. उलटी केली तर तू पुसायचीस."

"पुसेन, न्टाटे."

"आणि पुढची गादीची खुर्ची नको. मागची बाकडी. त्याच्या स्वतःच्या घोंगडीसकट."

मग तयारीला जोर चढला. भाचीने कळवलं की शहराच्या खाली, एका नदीच्या मुखापलीकडे, लहानसा किनारा आहे. तिथं सकाळच्या वेळी कुत्री चालतात. यावर पुन्हा सभा. कुणी म्हणालं, तिकडे दुकानं नाहीत. कुणी म्हणालं, फोटोत मोठ्या इमारती यायला हव्यात, नाहीतर डर्बनला गेलो यावर विश्वास कोण ठेवणार. शेवटी मापुलेंग दोन्ही खुर्च्यांवरून उठली.

"समुद्र एकच आहे ना गं? का इकडचा वेगळा नि तिकडचा वेगळा? आधी कुत्र्याच्या किनाऱ्यावर पाया पडू, मग तुमच्या इमारतींपुढं नाचा हवं तेवढं. माझ्या धाकटीला पुरळ उठला होता तेव्हा कुणाच्या बाटलीतलं पाणी लावलं मी? मोलेफीच्या. आणि तुझ्या उंबऱ्यावर, मालेबो?"

मालेबो छताकडे बघू लागली. पण दुसऱ्याच दिवशी ती स्वतःच्या नातवाचं जुनं स्वेटर घेऊन मामोकेतेच्या दारात उभी. "पहाटे तिथं वारा असतो," ती म्हणाली. "कुत्रं आजारी पडलं तर नाव आपल्या भिशीचं खराब होईल."

दर शनिवारी उभ्या बसमध्ये बोहोबेला चढायची सवय लावायची ठरली. सवय कसली लावता! दार उघडताच तो उडी मारून आत गेला, एकेक बाकड्याखाली नाक घालून शेवटपर्यंत पोचला, परत पुढे आला, पुन्हा शेवटपर्यंत गेला. मग मामोकेतेकडे बघत उभा राहिला. "तिकडं नेते तुला," ती म्हणाली, "थांब जरा." आणि डोळे पुसायला तिला खिडकीची काच पुसण्याचं नाटक करावं लागलं.

नोव्हेंबरात काळे कपडे उतरले. नणंदांनी तिला निळा नवा झगा घातला. डिसेंबरात बस निघाली, आणि चढताना पायरीवर तिचा पाय अडखळला. ओरडायचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण ओरडली ती थांब्यावरची पोरं. "पुढच्या वर्षी तिघंही जाऊ!" सवयीने ओरडली बिचारी, आणि लगेच जीभ चावून गप्प झाली. मामोकेतेने हात हलवला. तिला राग नाही आला. उलट बरं वाटलं, की कुणीतरी म्हटलं.

उजाडता उजाडता बस त्या लहान किनाऱ्यावर थांबली. मामोकेतेने समुद्र पाहिला आणि ती दोन पावलं मागे सरकली. एवढं पाणी, आणि कुणी बांध घातलेला नाही. बायका पाण्याच्या कडेला ओळीने उभ्या राहिल्या, प्रत्येकीने आपापलं नाणं पाण्यात टाकलं आणि आत यायची परवानगी मागितली. मामोकेतेने नाणं मुठीतच धरलं होतं. तिचं लक्ष बोहोबेकडे होतं.

दोरी सोडताच तो धावला. पाण्याकडे नाही, माणसांकडे. सकाळी फिरायला आलेली मोजकी माणसं होती. एकेकाच्या पायाशी जाऊन हुंगायचा आणि पुढे जायचा. मालेबोच्या नातवाचं लाल स्वेटर वाळूवरून लांब लांब गेलं. खडकापाशी एक म्हातारा गळ टाकून पाठमोरा उभा होता. डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी, खांदे जरा उतरलेले.

मामोकेतेने त्याला पाहिलं. ती पळू लागली. मोलेफी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला तिने स्वतः घोंगडीत गुंडाळलेलं पाहिलं होतं, पेटीवर स्वतः मूठभर माती टाकली होती. तरी ती गुडघ्यांची पर्वा न करता वाळूतून पळत होती.

बोहोबे तिच्या आधी पोचला. म्हाताऱ्याचे बूट त्याने हुंगले, पँट हुंगली. म्हातारा वळला, हसला, काहीतरी बोलला. तो कुणी परका माणूस होता. बोहोबे तसाच उभा राहिला. मग मान खाली घालून परत आला आणि मामोकेतेच्या पावलांवर अंग टाकून बसला.

तीही वाळूतच बसली.

"इथंही नाही रे तो," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं. कुणाला सांगू नकोस, पण मलाही वाटलं होतं." आणि ती रडली. अंत्यविधीला रडायला बायका होत्या, तिथं तिने स्वतःला आवरून धरलं होतं. इथं कुणी नव्हतं, आणि खारं पाणी काही कमी नव्हतं. एक लाट आली आणि दोघांना कमरेपर्यंत भिजवून गेली. ती घाबरून ओरडली, बोहोबे भुंकला, आणि मुठीतलं नाणं कधी गेलं ते तिला कळलंही नाही.

मग तिने मोलेफीची मोठी बाटली भरली, काठोकाठ.

"अगं ए! ओत, ओत थोडं!" मालेबो लांबून धावत आली. "दोन बोटं जागा ठेव. घरी नेलं तरी त्याला भरती येते. फुटेल बाटली. मोलेफीनं कधी सांगितलं नाही तुला?"

मोलेफीने कधीच सांगितलं नव्हतं. बाटली दोन बोटं रिकामी का असते, यावर मात्र तिने दरवर्षी त्याला टोमणे मारले होते, की तेवढं पाणी वाटेत कुणाला पाजून आलास. तो फक्त हसायचा. तिने दोन बोटं पाणी समुद्राला परत दिलं.

घरी परतल्यावर बोहोबे दोन दिवस झोपून होता. थांब्यावर गेला नाही, पण पापाही खाल्ला नाही. मामोकेतेला वाटलं, आशा तोडली आपण, आणि आशेबरोबर कुत्रंही चाललं. फडताळावरच्या बाटलीकडे ती बघत राहिली. दरवर्षी ती घरी राहायची आणि मोलेफी तिच्यासाठी पाणी आणायचा. या वर्षी ती जाऊन आली होती. मग मागे राहिलं कोण?

रविवारी तिने निळा झगा घातला, बाटली पाठीशी बांधली आणि बोहोबेला घेऊन डोंगराखालच्या कबरस्तानात गेली. त्याला तिथं तिने कधी नेलं नव्हतं. तो कबरींच्या मधून कंटाळल्यासारखा चालला. मोलेफीच्या मातीवर अजून गवत नीट धरलं नव्हतं. तिने बाटली उघडली आणि डोक्याकडून पायापर्यंत सावकाश पाणी ओतलं.

"घे," ती म्हणाली. "या वर्षी तू घरी होतास."

माती ओली झाली आणि तिला समुद्राचा वास सुटला. बोहोबेचा चांगला कान उभा राहिला. तो पुढे आला. डोक्याकडची माती हुंगली, मग मधली, मग पायांकडची. पुन्हा डोक्याकडे गेला आणि तिथंच नाक खुपसून उभा राहिला. आणि मग ती शेपटी हलू लागली, आधी हळू, मग अशी जोरात की बाजूला ठेवलेली रिकामी बाटली आडवी झाली आणि उतारावरून गडगडत गेली.

मामोकेते बाटलीमागे धावली नाही. ती बोहोबेशेजारी बसली, तो तिथं दमून आडवा होईपर्यंत. घरी जाताना थांबा लागला. न्टाटे सेलोची बस नुकतीच येऊन उभी राहिली होती आणि माणसं उतरत होती. बोहोबेने तिकडे एकदा पाहिलं आणि तो मामोकेतेच्या पुढे घराकडे चालू लागला. त्याला भूक लागली होती.