थोरलीचं वाक्य

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी मी शब्दकोशाच्या कचेरीत शिपाई होतो. वाचायला शिकलो तोही तिथेच, चाळिशी उलटल्यावर, कार्डांवरची अक्षरं लावत लावत.

प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असे. पुढे अर्थ, मागे तीन वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य कुणाच्या तोंडचं तेही. साक्षीशिवाय अर्थ छापायचा नाही, हा संपादकबाईंचा नियम.

लग्नानंतर थोरली पहिल्यांदा माहेरी आली ती गप्प गप्पच. जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्या कोशात ‘गावंढळ’चा अर्थ काय दिलाय? सासूबाई चारचौघांत मला तेच म्हणतात. मी मोठ्याने हसते ना."

"आणि जावई?"

"ते मान खाली घालून जेवतात."

आठवडा झाला तरी ती परत जायचं नाव काढेना.

मी कचेरीतला खण उघडला. कार्डावर होतं : खेड्यातला; अडाणी; रीतभात नसलेला. चार दिवसांनी ते छपाईला जाणार होतं. कार्ड घेऊन मी बाईंसमोर उभा राहिलो.

"बाई, हे काढून टाका."

"शब्द लोकांच्या तोंडात आहे. मी कोण काढणार? मुळात त्यात गाव एवढंच आहे हो. बाकीचं नंतर चिकटलं."

"चिकटवलं कुणी?"

मी कार्ड उलटं केलं. तिन्ही वाक्यं शहरातल्यांची : एक वकील, एक घरमालक, एक मास्तर.

"ज्याला म्हटलं त्याची साक्ष कुठंय?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग कोरं कार्ड पुढे सरकवलं. "लिहा. वेडंवाकडं चालेल."

एवढं लिहायला मला अख्खी दुपार लागली : सासूबाई मला गावंढळ म्हणतात, कारण मी मोठ्याने हसते.

बाईंनी ते वाचलं, जुना अर्थ खोडला आणि नवा लिहिला : खेड्यातल्या माणसाला कमी लेखण्यासाठी शहरातला माणूस वापरतो तो शब्द.

नवा अर्थ, खाली थोरलीचं वाक्य आणि तिचं नाव, असं छापलेलं पान घेऊन ती सासरी गेली. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे बोट माझ्याकडेच की."

"तुमचं नाव नाही घातलं, आई," थोरली म्हणाली आणि हसली, मोठ्याने. या वेळी जावईही हसले.

विहीणबाईंनी तो शब्द एकदम सोडला नाही. जिभेला वळण पडलेलं. पण पुढे पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून कोशात आहे बरं."

संपादकबाई दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू असताना वारल्या, थोरलीची मुलगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी. थोरलीचं वाक्य त्या आवृत्तीतही तसंच राहिलं.