पुजलेली किल्ली

मी कुलूप बोलतोय. पितळेचं, सात लिव्हरचं, जन्म अलीगडचा आणि आयुष्य चाकणचं. मला अक्षर येत नाही. जे कळलं ते माणसांच्या हातांवरून कळलं. किल्ली धरणारा हात घाईचा आहे की भ्यालेला, एवढं मला बरोबर समजतं. सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका. चार वर्षं तोंड मिटून बसलेल्याला बोलायला वेळ लागायचाच.

चाकणला मोटारींचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे. तिच्या स्टोअरच्या लोखंडी दाराला मला अडकवलं. किल्ल्या दोन. एक वॉचमन कोंडीरामच्या कमरेला, दुसरी स्टोअरचे साहेब गुरुदत्त यांच्या ड्रॉवरमध्ये, कागदाखाली. दार उघडणं-लावणं वॉचमनचं काम, त्यामुळे साहेबांची किल्ली कोरीच राहिली.

माझ्यात एक खोड होती. किल्ली नुसती फिरवली की मी अडायचो. तिला तिळभर वर उचलायची आणि मग उलटी, डावीकडे फिरवायची, तेव्हा मी खट्कन सुटायचो. कोंडीरामला ही खोड सापडायला चार दिवस लागले. चिडला नाही तो. रोज सकाळी माझ्या तोंडात फुंकर घालायचा आणि विचारायचा, "काय राव, झाली का झोप?" बीडकडून पोटामागं आलेला माणूस. पिंपळे गुरवला दोन खोल्यांत बायको अंबूबाई आणि मुलगी दिव्या. मुलगी कॉम्प्युटरचं शिकते, हे तो ड्रायव्हर लोकांना सांगायचा, आणि सांगून झालं की उगाच रजिस्टर चाळायचा.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी प्रत्येक कंपनीत पूजा होते. प्रेस, ड्रिल, पाने, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. किल्ल्यासुद्धा तबकात ठेवतात. आरती झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. हत्यारांनी विसावा घ्यायचा, अशी रीत. कोंडीरामनं स्टोअर लावलं, किल्ली तबकात ठेवली, पाया पडला. साहेबांनीही आपली ठेवली.

दुपारी साहेबांनी त्याला प्रेमानं जेवायला पाठवलं. म्हणाले, मी बसतो गेटवर. आणि तो पंगतीत बसलेला असताना एक हात माझ्याकडे आला. तबकातली, कुंकवानं माखलेली किल्ली त्यानं माझ्या तोंडात घातली. मी अडलो. त्यानं शिवी दिली, झटापट केली, घामाघूम झाला. शेवटी खोड त्यालाही सापडली. वर उचलून डावीकडे. तांब्याच्या तारेची बंडलं टेम्पोत गेली. दार परत लागलं, किल्ली परत तबकात गेली, झेंडूही होता तिथंच आला. माझ्या पोटात मात्र चिमूटभर कुंकू राहिलं.

दसऱ्याला बोंब झाली. गुरुदत्त साहेबांनी हिशेब सोपा मांडला. कुलूप तुटलेलं नाही, म्हणजे किल्लीनं उघडलं. किल्ली वॉचमनची, म्हणजे चोर वॉचमन. "मी तर त्या कुलपाला जन्मात हात लावलेला नाही," असं ते मालकांना, सोपानरावांना, सगळ्यांसमोर म्हणाले.

कोंडीराम एवढंच बोलला, "मालक, किल्ली तबकात व्हती. पुजलेल्या किल्लीला हात लावत न्हाई आमी."

साहेब हसले. "चोराला कसली आलीय पूजा."

मी तिथंच लटकत होतो. सगळं जाणत होतो. आणि मला जीभ नव्हती.

मला कडीतून काढलं, मिटवलं. दोन्ही किल्ल्या सोपानरावांनी पाकिटात घालून कपाटात टाकल्या. मला साहेबांनी कोंडीरामच्या अंगावर फेकलं. म्हणाले, हे घे तुझ्या नोकरीचं सर्टिफिकेट. त्यानं मला झेललं. फुंकर घातली नाही.

पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत मी कपाटावर बसलो. कोंडीरामला पुढं कुठल्या गेटवर कुणी उभं केलं नाही. चाकणमध्ये मालाच्या आधी बातमी पोचते. तो सोसायट्यांच्या पायऱ्या पुसू लागला. अंबूबाई म्हणायची, फेकून द्या ते. तो म्हणायचा, असू दे, त्याची काय चूक. पण दिव्यानं एक दिवस मला उचललं, आपल्या वह्यांवर वजन म्हणून ठेवलं आणि वडिलांकडून त्या दिवसाची गोष्ट अगदी बारीकसारीक विचारून घेतली. माझी खोडसुद्धा. तिचा हात गरम होता. मला तो हात लगेच ओळखू आला. आम्हाला दोघांना एकच माणूस हवा होता.

ती पदवीधर झाली. मग नोकरी. तिला कॉम्प्युटरच्या राखणीचं काम हवं होतं, आणि जिथं तिथं एकच प्रश्न, अनुभव किती? नवख्यांची जागा आणि अनुभव दोन वर्षांचा, हे गणित मला कुलपालाही सुटलं नाही. जुन्या लॅपटॉपवर शिकून तिनं आणखी एक परीक्षा दिली. वर्षभर नकार गोळा केले. शेवटी तळवड्याच्या आयटी पार्कात मुलाखत घेणाऱ्या निवेदिता मॅडमनी तिला विचारलं, याच कामात का यायचंय?

"कुलूप न तोडता चोरी कशी होते, ते शोधायचंय," दिव्या म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि तिला घेतलं.

पहिल्या दिवशी गेटवर मोबाइल बाहेर ठेवायला लावला. मग बॅगेतून मी निघालो. सिक्युरिटीवाल्यानं मला उलटंसुलटं करून विचारलं, "मॅडम, यात मेमरी नाही ना?"

दिव्या म्हणाली, नाही. आयुष्यात तिनं माझ्याबद्दल सांगितलेलं हे एकच खोटं.

काम असं होतं. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे कॉम्प्युटर इथून राखायचे. पडद्यावर इशारे येत राहायचे. कुणी चुकीचा पासवर्ड टाकला, कुणी नको ती फाइल उघडली. प्रत्येक इशारा तपासायचा, नेहमीचं काम असेल तर बंद करायचा, संशय असेल तर वर कळवायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं एका प्रिंटरला चोर समजून अख्खी कंपनी जेवणाच्या सुट्टीतून उठवली. शेजारचा निमिष महिनाभर तिला विचारत होता, प्रिंटरनं कबुली दिली का? तो एकदा म्हणाला, "आपण वॉचमनच गं. फक्त एसीतले."

"माझे बाबा वॉचमन होते," ती म्हणाली. "त्यांचं रजिस्टर आपल्यापेक्षा चांगलं असायचं." निमिषनं त्यानंतर तो विनोद केला नाही.

पावसाळ्यात नवीन ग्राहकांची यादी आली. त्यात ती चाकणची कंपनी होती. स्टोअरच्या रकान्यात नाव तेच. गुरुदत्त. दिव्याचा हात माझ्यावर आला आणि बराच वेळ तसाच राहिला. आम्ही वाट पाहू लागलो. वाट पाहणं मला कुणी शिकवायला नको.

खंडेनवमी आली. निम्मं ऑफिस सुट्टीवर. दिव्यानं मागून ती शिफ्ट घेतली होती. दुपारी तीनला इशारा आला. चाकण, स्टोअरचा कॉम्प्युटर, गुरुदत्त साहेबांचा पासवर्ड. बाहेरून कुणीतरी आत शिरून फायली उचलत होतं.

निमिष वाकून म्हणाला, पासवर्ड त्यांचा, नाव त्यांचं, घरून काम करत असतील, बंद कर.

पण दिव्याला ठाऊक होतं. त्या कॉम्प्युटरवर आत्ता हळदकुंकू आहे. कीबोर्डवर झेंडू आहे. आज त्या कंपनीत पुजलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. हा चोर आहे. असे चोर शेवटी सगळ्या फायलींना स्वतःचं कुलूप ठोकतात आणि किल्ली आपल्याकडे ठेवतात. हे ऐकलं होतं तेव्हा मला माझ्या जातीची लाज वाटली होती.

इशारा निकालात काढायला पंधरा मिनिटं असतात. तिनं फक्त 'नेहमीचं काम' लिहून बटण दाबायचं होतं. तासाभरात कंपनीला टाळं लागलं असतं. आणि दसऱ्याला सगळ्यांनी हिशेब मांडला असता, किल्ली गुरुदत्तची, म्हणजे चोर गुरुदत्त. जशास तसं. एका अक्षराचाही फरक नाही.

मी खोटं सांगणार नाही. मी आतून ओरडत होतो, दाब. सातही लिव्हर ताणून ओरडत होतो. तिचं बोट बटणावर होतं. चार मिनिटं गेली. पाच गेली. तिनं दुसऱ्या हातानं मला उचललं, मुठीत आवळलं, आणि बोट मागं घेतलं.

ते गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाचं रक्त होतं. दारात चोर दिसल्यावर त्याला गप्प बसता येत नाही. पण राग गेला नव्हता. ती मूठ माझ्याभोवती होती, मला विचारा.

कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडायचा तर ग्राहकाची परवानगी लागते. सुट्टीच्या दिवशी फोन कुणाला करायचा, त्या यादीत पहिलं नाव गुरुदत्त. तिनं स्पीकर लावला. निमिषही ऐकत होता.

"साहेब, तळवड्याहून सिक्युरिटीतून बोलतेय. हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुमच्या नावानं स्टोअरच्या कॉम्प्युटरवर काम चाललंय. ते तुम्ही करताय का?"

"मी जेवतोय, मॅडम. आज खंडेनवमी. पुजलेल्या मशीनला हात लावत नाही आमच्यात कुणी."

"जरा परत सांगता? नीट ऐकू आलं नाही."

नीट ऐकू आलं होतं. त्यांनी परत सांगितलं, मोठ्यानं, शब्दन् शब्द.

"पण पासवर्ड तुमचा आहे, साहेब. मग चोर कोण म्हणायचा?"

"अहो, पासवर्ड माझा म्हणून मी चोर? कुणीतरी वापरला असेल. मी सांगतोय ना, पूजा झालीय."

"चोराला कसली आलीय पूजा," दिव्या म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "कॉम्प्युटर तोडू का? हो म्हणा."

"तोडा. पण तुमचं नाव काय?"

"दिव्या कोंडीराम ढवळे."

पलीकडे भांड्यात चमचा पडल्याचा आवाज आला. तिनं बटण दाबलं. चोर बाहेर फेकला गेला.

पासवर्ड फुटला कसा, तेही निघालं. साहेबांनी सकाळी पुजलेल्या कॉम्प्युटरचा फोटो स्टेटसला टाकला होता. हार, उदबत्ती, पेढा, आणि पडद्याच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी. तिच्यावरही कुंकवाचं बोट लावलेलं.

अहवालात 'यापूर्वीची अशी घटना' असा एक रकाना असतो. दिव्यानं तिथं चार वर्षांपूर्वीचं तबक लिहिलं. निवेदिता मॅडमनी विचारलं, हे कॉम्प्युटरचं आहे का? दिव्या म्हणाली, किल्लीचं आहे. मॅडमनी ती ओळ राहू दिली.

सोपानरावांनी अहवाल वाचला, फोन ऐकला. परत ऐकला, म्हणतात. वॉचमनचे शब्द स्टोअरच्या साहेबाच्या तोंडून आले होते. दिवाळीच्या आधी ते पिंपळे गुरवला आले. गुरुदत्त साहेबांना माफी मागायला बरोबर आणलं होतं. सोपानराव कोंडीरामला म्हणाले, कोंडीबा, तुझं खरं असेल असं आता वाटतंय. पण चोर कोण ते कधी कळायचं नाही. त्यांनी खिशातून जुनं पाकीट काढलं. दोन्ही किल्ल्या. म्हणाले, या तुझ्याकडे असाव्यात.

दिव्यानं मला आणून साहेबांपुढं ठेवलं. "साहेब, तुम्हीच उघडून द्या. बाबांचे हात हल्ली थरथरतात."

कोंडीरामचे हात थरथरत नाहीत. त्यानं लेकीकडं पाहिलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

साहेबांना सुटका हवी होती. त्यांनी किल्ली घेतली, माझ्या तोंडात घातली. तोच हात, मी लगेच ओळखला. मनात आलं, अडावं. याला घामाघूम करावं. चार वर्षांचा गंज होता, कुणी दोष दिला नसता. पण मी अडलो असतो तर तो सुटला असता. तेव्हा मला पोरीचं मागं घेतलेलं बोट कळलं. आपलं काम चोख करणं, यासारखा सूड नाही.

साहेबांनी न बघता, सोपानरावांशी काहीबाही बोलत, किल्ली तिळभर वर उचलली आणि डावीकडे फिरवली.

मी उघडलो. खट्.

सोपानरावांनी दुसरी किल्ली उचलली, मला मिटवलं आणि स्वतः उघडून पाहिलं, सरळ, उजवीकडे. अडलो. परत पाहिलं. अडलो.

कोंडीराम अगदी हळू म्हणाला, "ते तसं उघडत न्हाई, मालक. मला चार दिस लागले व्हते. साहेब, तुमी तर कधी हात लावला नव्हता न्हवं?"

साहेबांच्या बोटाला माझ्या पोटातलं लाल लागलं होतं. ते पुसत होते. निघत नव्हतं.

पुढचं सोपानरावांनी केलं, ते माझ्या कानांवर आलं नाही. साहेब आता त्या कंपनीत नाहीत, आणि चाकणमध्ये बातमी अजूनही मालाच्या आधी पोचते. कोंडीरामला परत बोलावलं होतं. तो गेला नाही. एवढंच म्हणाला, मुलगी राखणीला आहे, एका घरात एक पुरे.

त्या दिवशी शेवटी कोंडीरामनंच मला उघडलं. आता मी तिच्या टेबलावर असतो, उघडा. पुन्हा कुणी मिटवलं नाही. तेल घाला, नका घालू, तुमची मर्जी. फक्त कधी तुमच्यावर किल्ली सोपवून कुणी पंगतीला गेला, तर ती जिथं आहे तिथंच राहू द्या. आम्ही बोलत नाही. पण हात आम्ही विसरत नाही.