रिकामा खण

ती पेटी मी सात वेळा जुळवली आणि सहा वेळा उपसली. बारा खण, चार चाकं, वजन एकतीस किलो. तैपेईत टीव्हीच्या प्रक्षेपण-गाडीत मी चौदा वर्षं काढली आहेत. त्या बसएवढ्या गाडीत पसरलेलं सामान मला एका पेटीत बसवायचं होतं, आणि पेटी एकटीने आगगाडीत चढवता यायला हवी होती. तीन आठवडे माझ्या खोलीत चालायला जागा नव्हती. जेवताना एका हातात चॉपस्टिक आणि दुसऱ्या हातात पेचकस. रात्री डोळा लागायचा तोच वाटायचं, कॅमेरे आणि आवाज एकत्र जोडणारा स्विचर खालच्या खणात घ्यायला हवा. की उठलेच.

माझ्या जिवाला स्वस्थता नसण्याचं कारण साधं होतं. रविवारी तुकू गावात भूमिदेवाच्या वाढदिवसाचा बाहुल्यांचा खेळ होता आणि गुरुवारी माझ्या वडिलांचं, आबांचं, घशाचं ऑपरेशन होतं. कर्करोग होता. डॉक्टर स्वरयंत्र काढणार होते. आमच्या बाहुल्यांच्या खेळात सगळ्या पात्रांचे आवाज एकच माणूस काढतो. सेनापती, कपटी मंत्री, विधवा राणी, विदूषक, सगळे आबा. पन्नास वर्षांत त्यांनी आवाज कधी ध्वनिमुद्रित करू दिला नव्हता. टेप लावून नुसत्या बाहुल्या नाचवणाऱ्या मंडळींना ते डबाबंद म्हणायचे. म्हणजे रविवारचा खेळ माझ्या पेटीत उतरला नाही, तर तो आवाज जगात कुठेच उरणार नव्हता.

फोनवर मी त्यांना विचारलं तेव्हा ते आधी सरळ नाहीच म्हणाले. मग म्हणाले, त्या वेळी पलीकडे खरोखर कोणी ऐकत असेल तर बोलेन. मी सांगितलं, थेट प्रक्षेपण आहे, मंडळीतले जुने लोक जिथे असतील तिथून ऐकतील. ध्वनिमुद्रण आपोआप होईल हे मी हळूच शेवटी घुसडलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आमच्यात हे असंच चालायचं. मी दहा वर्षांची असताना त्यांच्या सेनापतीच्या बाहुलीचं डोकं उघडून डोळ्यांत दोन इवले दिवे बसवले होते. बटण दाबलं की डोळे पेटायचे. मला वाटलं, आबा उचलून घेतील. त्यांनी सगळ्या मंडळीसमोर कानशिलात भडकावली आणि म्हणाले, माझा धंदा बुडवायला जन्माला आलीस. त्यानंतर मी बाहुलीला हात लावला नाही आणि एकही आवाज काढून बघितला नाही. हे मी विसरले नव्हते. विसरायचा प्रयत्नही केला नव्हता.

सातव्या जुळवणीत मी एक निर्णय घेतला. पेटी आतून तापत होती, म्हणून पंख्यासमोरचा एक खण हवेसाठी रिकामा ठेवायला हवा होता. तिथे एक छोटा ध्वनिमुद्रक होता, फक्त आवाजासाठी, न जाणो म्हणून ठेवलेला. मी तो काढला. सगळं स्विचरमधून जाणारच होतं. हिशेब चोख होता, आणि मला माझ्या हिशेबाची घमेंडही होती.

रविवारी देवळासमोर मी सकाळी सातपासून केबली ओढत होते. आबांनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागचं दार उघडून वाकून बघितलं. आवाज आधीच घोगरा झाला होता.

"पाकीट कुठाय?"

हिरवं पाकीट. नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊचं. त्याच्या नावाचा अर्थच गुणी बाळ असा आहे. आमच्याकडे बँकेच्या यंत्रापासून इस्पितळातल्या यंत्रापर्यंत सगळ्यांवर ते ठेवतात, म्हणजे यंत्र गुण्यागोविंदाने चालतं. हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि कोणी खायचं नाही. टीव्हीच्या गाडीतही होतं.

"जागा नाही, आबा. मी सगळं मोजलंय."

"एवढी मोठी पेटी आणि एका पाकिटाला जागा नाही?"

"नाही म्हटलं ना. तुम्ही तुमच्या बाहुल्या बघा."

ते गेले. ढोल वाजवणारे हाईकाका, आबांचे चाळीस वर्षांचे साथीदार, माझ्याकडे बघून म्हणाले, की लेक अगदी बापाच्या वळणावर गेली आहे, बोलायला सुरुवात केली की समोरच्याचा दिवस खराब. मी ऐकून घेतलं. मला तेव्हा कोणाशीही दोन शब्द नीट बोलता येत नव्हते.

दुपारी दोनला खेळ सुरू झाला. समोर सूर्यफुलाच्या बिया फोडणारे सहा म्हातारे आणि एक कुत्रं. देवासाठी खेळ असतो, माणसं आली काय, न आली काय. पण माझ्या पडद्यावर ऐकणाऱ्यांचा आकडा चारशेच्या वर गेला होता. कोणी तैचुंगहून, कोणी कॅनडाहून लिहीत होतं, गुरुजींचा आवाज बसलाय का हो? आबांनी मंचाआडून कॅमेऱ्यावरचा लाल दिवा बघून ठेवला होता. लाल म्हणजे बाहेरचे ऐकत आहेत, एवढं मी त्यांना समजावलं होतं.

चाळीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं, तरी माझा पाय हलायचा थांबेना. तापमानाचा आकडा बघत होते. पंचावन्न. बासष्ट. हे बरोबर नव्हतं. घरी मी चार-चार तास चालवून बघितलं होतं, पन्नाशीच्या वर कधी गेलं नव्हतं. सत्तर. एकोणऐंशी. मंचावर सेनापती शेवटच्या लढाईआधी राणीचा निरोप घ्यायला उभा राहिला, आणि त्याच क्षणी स्विचर बंद पडला. पडदा काळा. कॅमेऱ्यावरचा दिवा विझला.

मी पेटीचं मागचं दार उघडून आत हात घातला. हाताला काहीतरी चुरचुरलं. पंख्याच्या तोंडावर, माझ्या रिकाम्या खणात, हिरवं पाकीट नीट दाबून बसवलेलं होतं. मी दुपारी नूडल्स खायला पंधरा मिनिटं गेले होते, तेवढ्यात.

मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. पाकीट मी लांब भिरकावलं. यंत्र गार झाल्याशिवाय चालू होणार नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्याने वारा घालू लागले आणि मंचाकडे बघत राहिले, कारण आता तो निरोप होणार आणि हवेत विरून जाणार. खिशातला फोन काढून एक बटण दाबावं, एवढं साधंही मला सुचलं नाही. चौदा वर्षं मुरलेली तंत्रज्ञ मी.

पण सेनापती बोललाच नाही. तो मागे सरला आणि पुढे आला दातपड्या, पुढचे दोनच दात उरलेला आमचा विदूषक. या खेळात त्याचं कामच नव्हतं. हाईकाकांचा ढोल क्षणभर अडखळला, मग सावरला.

"भूमिदेवा, जरा दम धरा," दातपड्या किनऱ्या आवाजात म्हणाला. "ऐकणारी मंडळी वाटेत अडकलीत. तोवर एका येड्या बापाची गोष्ट सांगतो. त्याची पोर वेशभूषेच्या पेटाऱ्यात झोपायची आणि उठली की रेडिओचं पोट फाडायची. एकदा तिनं बाहुलीला डोळे दिले. पेटणारे, बरं का! देवानंसुद्धा एवढं केलं नव्हतं. आणि बापानं काय दिलं? थोबाडीत. धंदा बुडवलास म्हणाला. खोटारडा! रात्री सगळे झोपल्यावर बटण दाबून दाबून बघत बसला होता तो. पोरीला कधी सांगितलं नाही."

म्हातारे हसत होते. माझा हात थांबला होता. मग भानावर येऊन मी पुन्हा वारा घालायला लागले.

दातपड्या बराच वेळ बडबडला. बापाच्या स्वयंपाकाची टर उडवली, हाईकाकांच्या टकलाची उडवली. आवाज मध्येच चिरला तेव्हा खोकला गिळून पुढे गेला. शेवटी माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "पोरी, घाई करू नकोस. माझ्याकडे अजून चार दिवस आवाज आहे."

अकराव्या मिनिटाला स्विचर चालू झाला. लाल दिवा लागला. दातपड्याने वाकून नमस्कार केला, तो आत गेला, आणि सेनापतीने निरोप घेतला. तो निरोप पेटीत आहे. शेवटच्या ढोलापर्यंत सगळं आहे. ती अकरा मिनिटं तेवढी नाहीत.

खेळ संपल्यावर मी आबांना पाकिटाबद्दल काही बोलले नाही. त्यांनी मात्र ते जमिनीवरून उचललेलं मी पाहिलं. धूळ झटकून त्यांनी ते बाहुल्यांच्या पेटाऱ्यात ठेवलं.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. गळ्याला नळी, मांडीवर मुलांची पाटी. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते, म्हणून त्यांनी पाटी वाजवून मला बसवलं. आधी लिहिलं, "पाकीट हिरवंच होतं. तारीखही बघितली होती." मी म्हटलं, हो आबा, पाकिटाची काही चूक नव्हती. मग लिहिलं, "किती गेलं?"

"अकरा मिनिटं. दातपड्याची."

त्यांनी पुसलं आणि लिहिलं, "मी काय बोललो?"

हाईकाका भिंतीशी बसले होते. ते म्हणाले, ऐनवेळी सुचलेलं याला कधी आठवत नाही, बाहुली हातातून उतरली की संपलं. म्हणून मी सांगायला लागले. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात आबांनी मान हलवली. बोट माझ्या गळ्यावर ठेवलं आणि मग आपले पुढचे दोन दात दाखवले. दातपड्याच्या आवाजात.

मी नाही म्हटलं. शेजारच्या खाटांवर माणसं होती. आबांनी दुसरीकडे बघितलं आणि खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी ढोलाचा ठेका धरला. ठेका थांबेना. शेवटी मी घसा खाकरला.

"भूमिदेवा, जरा दम धरा," मी म्हटलं. आवाज भलताच निघाला, मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. आबा हसले नाहीत. मी पुढे गेले. पेटारा, रेडिओचं पोट, पेटणारे डोळे. थोबाडीत आणि खोटारडा मी गाळलं. आजारी माणसासमोर कशाला, त्यांना थोडंच आठवणार आहे, असं म्हणून मी सरळ स्वयंपाकाच्या थट्टेवर आले.

ठेका थांबला.

त्यांनी बोट मागे वळवून दाखवलं. मी थट्टाच पुन्हा सांगायला लागले. त्यांनी तळहात दांड्यावर आपटला आणि पुन्हा मागे दाखवलं, आणखी मागे, आणि माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं की त्यांना शब्दन् शब्द आठवत होता.

मी डोळे पुसले आणि डोळ्यांच्या दिव्यांपासून पुन्हा सुरुवात केली. त्यांनी ठेका धरला.