शून्याची गाजरं

प्रयोगशाळेत ‘बाबांची गाजरं’ म्हणजे शून्य. बाबा म्हणजे तिथल्या संशोधिकेचे वडील. बाजारातल्या गाजरांत तणनाशक किती उरलंय हे मोजायचं, तर आधी औषधाचा थेंबही न लागलेलं गाजर हवं, आणि बाबा परसातलं तण हातानेच काढणारे. त्याचा त्यांना भलताच तोरा. तिची आजवरची सगळी मोजणी त्या गाजरांवर उभी होती, आणि तिची लेक तीच गाजरं खाऊन वाढत होती.

या मोजणीसाठी तिने बनवलेली नवी पट्टी नखाएवढी. तिच्यावरच्या एन्झाइमच्या थरावर रसाचा थेंब सोडला, की मीटरवर विजेचा प्रवाह दिसतो. तणनाशक असेल तर एन्झाइम मरगळतं आणि प्रवाह उतरतो. जुन्या पट्टीच्या नजरेतून सुटणारं ही हेरते. त्यासाठीच तर तिने जिवाचं रान केलं होतं.

त्या सकाळी बाबांच्या गाजरावर प्रवाह उतरला. तिने खापर पट्टीवर फोडलं. घरच्या माणसापेक्षा यंत्रावर संशय घेणं केव्हाही सोपं. पट्टी बदलली. नुसत्या पाण्यावर प्रवाह ठणठणीत, गाजरावर पुन्हा खाली.

संध्याकाळी ती थेट परसात गेली. बाबा बाकावर बसले होते. वाफ्यांमधल्या वाटेवर गवताची काडी नव्हती. शेजारून वाऱ्याने काही आलं असेल का, असं विचारून तिने त्यांना पळवाट देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही.

“गुडघे वाकत नाहीत गं आता,” ते म्हणाले. “औषध वाटेवरच मारलं. वाफ्यात नाही.”

वाटेवरचं पाणी वाफ्यात मुरतं, हे त्यांनाही कळत होतं. पण गुडघ्यांचं बोलले असते, तर तिचा भाऊ परसात फरशी घालायला टपलेलाच होता. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

“छोटीच्या पोटात किती गेलं?” बाबांनी विचारलं.

“फार थोडं. जुन्या पट्टीला दिसलंही नसतं.”

ते खरं होतं, म्हणूनच तिला सांगता आलं.

“मग आता तुझं शून्य कुठून आणणार?”

“इथूनच. वेळ लागेल. तुम्ही बसून दाखवा, मी उपटते.”

बाबांनी बाकाखालचं खुरपं काढून दिलं. पात्यावरचा गंज एका हंगामाचा नव्हता. म्हणजे कित्येक हंगाम औषधच मारलं जात होतं, आणि आजवरचं सगळं पुन्हा मोजायला लागणार होतं. ती वाफ्याशी बसली आणि बाबांनी दाखवलेलं पहिलं तण मुळासकट काढलं.